मामा, तुला काय होतंय? : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

विषय पक्का केला. अभ्यासमंडळाच्या जानेवारीच्या बैठकीत पाऊण तास माझ्याकडे आहे. बर्नार्ड मॅलमडची १९५२ साली आलेली पहिली कादंबरी ‘द नॅचरल’ आणि तिच्या पाठीशी उभी असलेली, ग्रेल या गूढ पवित्र वस्तूभोवती फिरणारी पर्सिव्हल या तरुण योद्ध्याची मध्ययुगीन गोष्ट, यावर बोलायचं. सोबत वाटायला चार पानांचं टिपण.

मंडळातल्या निम्म्या लोकांना बेसबॉल परका आणि निम्म्यांना ग्रेल. म्हणून आधी दोन्ही गोष्टी नीट सांगायच्या, तुलना त्यानंतर. कादंबरीची गोष्ट आज लिहून काढली, ती अशी.

रॉय हॉब्ज हा एकोणीस वर्षांचा खेड्यातला पोरगा. बेसबॉलच्या मोठ्या संघात निवड व्हावी म्हणून आगगाडीने शिकागोला निघालाय. त्याच्याजवळ बॅसून नावाच्या लांबलचक वाद्याची पेटी आणि तिच्यात स्वतःच्या हाताने घडवलेली बॅट. घराजवळच्या नदीकाठच्या झाडावर वीज पडली, झाड दुभंगलं, त्या लाकडाची ही बॅट. तिचं नाव वंडरबॉय. गाडीत त्याला हॅरिएट बर्ड नावाची बाई भेटते आणि शिकागोच्या हॉटेलात तीच त्याला गोळी घालते. पुढची पंधरा वर्षं रॉय कुठे होता ते फारसं कळत नाही. चौतिसाव्या वर्षी, खेळाडू निवृत्तीला टेकतो त्या वयात, तो तळाशी पडलेल्या ‘न्यूयॉर्क नाइट्स’ संघात येऊन उभा राहतो. तिथून एका हंगामाची कथा आहे: चढ, घसरण, पुन्हा चढ, आणि शेवटचा सामना.

५ नोव्हेंबर

नावांची यादी केली. नाइट्स म्हणजे मध्ययुगातले चिलखतधारी घोडेस्वार योद्धे. रॉय हे नाव ‘राजा’ या फ्रेंच शब्दाजवळचं. संघाचा म्हातारा व्यवस्थापक पॉप फिशर. फिशर म्हणजे मासेमार, आणि पर्सिव्हलच्या गोष्टीतला जखमी राजा, ज्याच्या जखमेपायी राज्यही ओसाड पडतं, तो मासेमार राजा म्हणूनच ओळखला जातो. ज्याच्या ताब्यात संघ आहे तो जज्ज वरच्या मनोऱ्यात अंधार करून बसतो, त्याला उजेड सोसत नाही. बॅट म्हणजे अर्थातच तलवार.

पॉप फिशरच्या हातांवर मी आज बराच वेळ अडकलो. त्याच्या हाताला जो आजार झालाय तो खेळाडूंच्या पायाला होतो, बोटांच्या बेचक्यांत, घामाने आणि ओलाव्याने. आपण त्याला चिखल्या म्हणतो. पावसाळ्यात भातखाचरात राबणाऱ्या माणसाला विचारा, तो बोटं फाकवून दाखवेल. म्हणजे पॉपच्या हाताला चिखल्या झाल्यात आणि पायाखालचं मैदान मात्र पावसाअभावी भेगाळलेलं, गवत करपलेलं. आपण खेळाडू व्हायलाच नको होतं, शेतकरी व्हायला हवं होतं, असं तो कुरकुरत असतो. जखमी राजा आणि ओसाड राज्य, दोन्ही मॅलमडने एका म्हाताऱ्याच्या बँडेज बांधलेल्या हातांत आणि त्या मैदानात आणून ठेवलं. ‘चिखल्या’ हा शब्द टिपणात ठेवणार. दुष्काळात चिखल्या, हे मराठीत लिहिलं की त्यातली विसंगती आपोआप कानावर येते.

९ नोव्हेंबर

मोठा कागद घेऊन तक्ता आखला. डावीकडे मध्ययुगीन पात्रं, उजवीकडे मॅलमडची. एका बैठकीत सात ओळी भरल्या आणि रात्री वाचताना तक्ता खोटा वाटला.

ओळी चूक होत्या असं नाही. रॉय म्हणजे पर्सिव्हल, पॉप म्हणजे मासेमार राजा, हे कुणीही मान्य करेल. पण अशा तक्त्याने कादंबरी सुटलेल्या शब्दकोड्यासारखी दिसते. चौकोन भरले की काम संपलं. मॅलमड न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेला लेखक. १९४९ पासून ओरेगनमधल्या एका कॉलेजात तो नवख्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवत होता. त्या दिवसांत ही कादंबरी आली. त्याने एवढी जुनी कथा खेळाच्या मैदानावर उतरवली ती फक्त जोड्या लावायला खास नसेल. जोड्या कुठे जुळत नाहीत ते बघायला हवं.

तक्ता फाडला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला नव्याने लिहायला घेतलं.

१४ नोव्हेंबर

मूळ गोष्टीकडे गेलो. क्रेतिएँ द त्रुआ या फ्रेंच कवीने ती बाराव्या शतकाच्या अखेरीला लिहिली, फ्लँडर्सचा सरदार फिलिप याच्यासाठी. फिलिप ११९१ मध्ये क्रुसेड या धर्मयुद्धावर असताना आक्रच्या वेढ्यात वारला. काव्य नऊ हजारांवर ओळींचं होऊन मध्येच थांबलं. म्हणजे ग्रेलची पहिली गोष्टच अपुरी आहे, आणि पुढची काही शतकं माणसं ती पुरी करत राहिली.

आज सुरुवात पुन्हा वाचली. पर्सिव्हलच्या आईने नवरा आणि दोन मुलगे या शस्त्रांच्या धंद्यात गमावलेत, म्हणून धाकट्याला तिने रानात वाढवलंय. योद्धा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. एक दिवस झाडांतून चिलखतवाले घोडेस्वार येतात. उन्हात झळाळणारं लोखंड पाहून त्याला वाटतं, देवदूतच आले. आणि तो प्रश्नांचा भडिमार करतो. हे हातात काय आहे? ही ढाल कशाला? हे अंगावर काय घातलंय? तुम्ही जन्मालाच असे आलात का? बिचारा सरदार दुसऱ्याच कामाने आलेला, याची उत्तरं देता देता त्याला पुरेवाट होते.

हाच मुलगा पुढे मासेमार राजाच्या वाड्यात गप्प बसतो. मधल्या काळात एका अनुभवी सरदाराने त्याला शस्त्रं चालवायला शिकवलं आणि बजावलं, फार बोलू नकोस, फार बोलणारा माणूस चुकतो. पोराने ते गाठीला बांधलं.

वाड्यातला प्रसंग मला आता जवळपास पाठ आहे. नदीत नाव लावून गळ टाकणारा एक माणूस त्याला मुक्कामाची जागा सांगतो. दिवाणखान्यात चार खांबांमध्ये एवढी शेकोटी पेटलीय की भोवती चारशे माणसं बसावीत. राजा पलंगावर, त्याला उठता येत नाही. मिरपुडीतलं हरणाचं मांस पानात पडतं. समोरून एक मुलगा पांढरा भाला घेऊन जातो आणि भाल्याच्या टोकातून रक्ताचा थेंब त्याच्या हातावर ओघळतो. मागून एक मुलगी ग्रेल घेऊन जाते. जेवणाचा प्रत्येक नवा पदार्थ आला की ग्रेल समोरून जातं. पर्सिव्हलच्या ओठावर प्रश्न येतो, हे कुणासाठी नेतात? आणि तो ठरवतो, सकाळी इथल्या एखाद्या नोकराला विचारू.

सकाळी वाडा रिकामा. दारातून बाहेर पडताना पूल त्याच्या घोड्याच्या पायांखालीच वर उचलला जातो. घोड्याने झेप घेतली म्हणून दोघे वाचले. तो प्रश्न विचारला असता तर राजा बरा झाला असता, हे त्याला पुढे कळतं.

‘सकाळी विचारू’ हे टिपणात ठळक करायचं.

१५ नोव्हेंबर

कालच्या नोंदीत दुरुस्ती नाही, पण चौथ्या पानाच्या कच्च्या मसुद्यात चूक होती. मी सगळीकडे ‘पवित्र पेला’ लिहून गेलो होतो. क्रेतिएँकडे ग्रेल हा पेला नाही. ते रुंद, खोलगट ताट आहे, मेजवानीत मोठा मासा वाढायला वापरतात तसलं. म्हणून तर पुढे रानातला संन्यासी पर्सिव्हलला सांगतो की त्यात पाइक, लँप्रे, सॅमन असले मासे असतील असं समजू नकोस, त्यात फक्त प्रसादाची एक पापडी असते. येशूच्या शेवटच्या भोजनातला पेला हा अर्थ त्यानंतर रोबेर द बोरों या कवीने आणला. जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशनबाखने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जे ‘पार्त्सिफाल’ (पर्सिव्हलचंच जर्मन नाव) लिहिलं त्यात ग्रेल चक्क दगड आहे.

ताट, पेला, दगड. वस्तू एवढी बदलली तरी गोष्ट तीच राहिली. मग गोष्टीचा जीव वस्तूत नसावा.

२३ नोव्हेंबर

आज मान खाली घालून एक पान बाद केलं. कादंबरीच्या शेवटाबद्दल मी लिहिलं होतं की रॉय अखेरचा चेंडू मैदानाबाहेर भिरकावतो आणि संघ जिंकतो. हे कादंबरीत नाही. हे १९८४ च्या चित्रपटात आहे, रॉबर्ट रेडफर्डच्या. मी तरुणपणी तो पाहिला, त्यातले फुटणारे दिवे आणि ठिणग्यांचा पाऊस डोक्यात राहिला आणि कादंबरी वाचून झाल्यावरही हात चित्रपटाचाच शेवट लिहून गेला.

कादंबरीत रॉय शेवटच्या क्षणी बाद होतो. त्याला बाद करणारा गोलंदाज हर्मन यंगबेरी, कोवळा पोरगा, आणि त्याचं स्वप्न काय, तर एक शेत विकत घेऊन शेती करायची. पहिल्या भागात एकोणीस वर्षांच्या रॉयने रेल्वेरुळांशेजारी असंच एका नामांकित फलंदाजाला तीन चेंडूंत बाद केलं होतं. चाक पूर्ण फिरलं. म्हातारा राजा जातो आणि जवान येतो, हा आदिम क्रम त्यात आहेच. पण शेत हवं असणारा मुलगा येतो आणि शेतकरी व्हायला हवं होतं म्हणणाऱ्या पॉपचा संघ हरवतो, हे वाचून मला गलबलून आलं. चित्रपटाने हे सगळं पुसलं.

३० नोव्हेंबर

बेसबॉलचे नियम समजून घ्यायला भाच्याला फोन. तो न्यू जर्सीत असतो, दोन हंगाम मैदानात जाऊन सामने बघितलेत. तासभर बोललो. तीन स्ट्राइक म्हणजे काय, फाउल म्हणजे रेषेबाहेर टोलवलेला चेंडू कुठे जातो, प्रेक्षकांत तो लागू शकतो का. (लागू शकतो. हे मला हवंच होतं, कारण रॉयचा फाउल कादंबरीतल्या आयरिस लेमन या बाईच्या तोंडावर बसतो.) “मामा, तू एकदा इकडे येऊन सामना बघ, पुस्तकातून नाही कळणार,” असं चार वेळा म्हणाला.

फोन ठेवला आणि वोल्फ्रामच्या भाषांतराकडे वळलो. शेवटच्या प्रश्नाशी आठवडाभर अडलो होतो. वोल्फ्रामने गोष्ट पूर्ण केली, त्याच्याकडे पार्त्सिफाल दुसऱ्यांदा वाड्यावर येतो आणि जखमी राजा अन्फोर्टासला विचारतो. इंग्रजी भाषांतरात ‘अंकल’ आहे. मी ‘काका, तुम्हाला काय त्रास होतोय?’ असं लिहून ठेवलं होतं आणि ते वाक्य मेल्यासारखं पडून होतं.

मूळ शब्द पाहिला. ‘ओएहाइम’. जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ आईचा भाऊ. वडिलांच्या भावाला वेगळा शब्द होता. अन्फोर्टास हा पार्त्सिफालच्या आईचा सख्खा भाऊ आहे. मामा! आणि पुढचं सर्वनामही आदरार्थी नाही, एकेरी आहे. म्हणजे ओळ अशी:

मामा, तुला काय होतंय?

मी खुर्चीतून उठलो. आठशे वर्षांपूर्वीचं वाक्य, इंग्रजीत धूसर झालेलं, आपल्या भाषेत जसंच्या तसं उभं राहतं. अर्ध्या तासापूर्वी त्याच नात्याने, त्याच ‘तू’ने माझ्याशी कुणीतरी बोलत होतं.

१ डिसेंबर

झोप लागली नाही, पहाटेच सगळी नाती लावून पाहिली. वोल्फ्रामकडे रानातला संन्यासी ट्रेव्रिझेंट हाही मामा. ग्रेल घेऊन येणारी स्त्री, रेपान्स, ती मावशी. क्रेतिएँकडे ताटातली पापडी ज्या अदृश्य वृद्ध राजासाठी जाते तो मामा, त्याचा मुलगा म्हणजे मासेमार राजा हा मामेभाऊ, आणि संन्यासी पुन्हा मामा. सगळं आजोळ! पोरगा जगभर ज्या वाड्याच्या शोधात हिंडतो ते त्याच्या आईचं माहेर आहे. आणि आईने निरोप देताना पुलाशी चक्कर येऊन अंग टाकलं, याने मागे वळून पाहिलं आणि तरीही घोडा पुढे हाकला. ती गेली. संन्यासी सांगतो, त्या पापाने तुझी जीभ कापली, म्हणून वाड्यात तुला प्रश्न विचारता आला नाही.

वोल्फ्रामची अट आणखी कडक. अन्फोर्टासला विषारी भाला लागलाय, जांघेत. ग्रेल समोर आहे तोवर त्याला मरण नाही आणि जखम भरतही नाही. कुणीतरी आपण होऊन विचारलं पाहिजे. पाहुण्याला कुणी सुचवायचं नाही, खूण करायची नाही.

‘काय होतंय’ की ‘काय सलतंय’? ‘सलतंय’ सुंदर आहे, पण कवितेतलं आहे. अंथरुणावरच्या माणसाजवळ बसून आपण ‘काय होतंय’ असंच विचारतो. तेच ठेवतो.

७ डिसेंबर

आता कादंबरी पुन्हा, हातात पेन्सिल घेऊन, फक्त प्रश्नांसाठी.

मॅलमडने प्रश्नाची दिशा फिरवलीय. इथे नायक विचारत नाही, नायकाला विचारलं जातं. विचारणाऱ्या दोन बायका.

पहिली हॅरिएट, आगगाडीत. रॉयने नुकताच त्या नामांकित फलंदाजाला बाद करण्याचा पराक्रम केलाय आणि तिला त्यात मध्ययुगातली भाल्यांची झुंज दिसते, पर्सिव्हलचं नावसुद्धा ती लाडाने घेते. मग विचारते, तुला काय मिळवायचंय? रॉय म्हणतो, सगळे विक्रम मोडीन, लोक रस्त्यात बोट दाखवून म्हणतील की हा आजवरचा सर्वोत्तम. ती विचारते, एवढंच? याच्या पलीकडे काही नाही? तो बुचकळ्यात पडतो. पलीकडे काय असणार, त्याला कळत नाही. हॉटेलच्या खोलीत ती पुन्हा तेच विचारते, तो पुन्हा तेच सांगतो, आणि गोळी सुटते.

दुसरी आयरिस, पंधरा वर्षांनी. रॉयची बॅट थंडावलेली असताना भर प्रेक्षकांत ती एकटी उभी राहते, लाल पोशाखात, पांढरं फूल लावून. कोण कुठली, पण त्याच्यासाठी उभी राहते, आणि त्याची बॅट पुन्हा बोलू लागते. भेटल्यावर तीही विचारते, विक्रम कशाला हवेत? रॉयचं उत्तर पंधरा वर्षांनी तेच. कुणाला मोडता येणार नाहीत असे विक्रम ठेवले की माणूस मरत नाही.

पोटात गोळी घेऊन पंधरा वर्षं काढली आणि उत्तर एका अक्षराने बदललं नाही! आयरिस त्याला सांगते की माणसाला दोन आयुष्यं असतात, एकात शिकायचं आणि त्यानंतरच्यात जगायचं. वोल्फ्रामच्या पर्सिव्हलला वाड्याची दुसरी भेट मिळते आणि तेवढ्यात तो शिकलेला असतो. रॉयलाही दुसरी भेट मिळाली. त्याच्या लक्षात राहतं ते एवढंच की ही बाई तरुण वयात आजी झालीय, आणि तो मागे हटतो.

तक्त्यात न बसलेली जागा ती हीच. रॉयकडे पर्सिव्हलचं सगळं आहे. बळ आहे, भाबडेपणा आहे, वीज पडलेल्या झाडाचं शस्त्र आहे. पावसाचा चमत्कारसुद्धा आहे: पॉपने सांगितलं चेंडूचं कातडं सोलून काढ, आणि रॉयने खरोखर फटक्यासरशी ते सोललं, आभाळ गडगडलं, त्या रखरखीत मैदानावर पाऊस आला. कादंबरीच्या पूर्वार्धातच ओसाड राज्य भिजलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं, मॅलमडने हुकमाचा पत्ता फार लवकर टाकला. आता पटतं की तो मुद्दामच टाकलाय. पाऊस ताकदीने आणता येतो. दुसऱ्याच्या दुखण्याकडे बघायला ताकद उपयोगी पडत नाही.

१२ डिसेंबर

ऋष्यशृंग. हे टिपणात यायलाच हवं, आणि ओढूनताणून नाही.

जेसी वेस्टन या इंग्रज विदुषीने १९२० साली ‘फ्रॉम रिच्युअल टू रोमान्स’ हे पुस्तक काढलं. ग्रेलच्या कथा म्हणजे पाऊस आणि पीक यांसाठीच्या प्राचीन विधींची आठवण, असा तिचा सिद्धान्त. ‘जळाची मुक्तता’ या विषयावरच्या प्रकरणात ती ऋग्वेदातल्या इंद्र आणि वृत्राकडे जाते आणि तिथून आपल्या महाभारतातल्या ऋष्यशृंगाकडे. तिचं म्हणणं, रानात वाढलेला, जगाची ओळख नसलेला हा मुलगा आणि पर्सिव्हल एकाच साच्यातले आहेत.

वनपर्व काढून वाचलं. अंग देशाचा राजा लोमपाद, त्याच्या अपराधाने पाऊस थांबलेला. उपाय एकच, ज्याने स्त्री पाहिलेली नाही असा विभांडकपुत्र ऋष्यशृंग राज्यात आणायचा. गणिका नावेवर आश्रम सजवून जाते. मुलगा तिला तपस्वीच समजतो आणि संध्याकाळी बापाला त्या पाहुण्याचं वर्णन ऐकवतो. पाहुण्याच्या हातात एक गोल, चित्रविचित्र फळ होतं म्हणे, जमिनीवर आपटलं की पुन्हा वर उसळायचं. चेंडू! ऋष्यशृंगाने आयुष्यात चेंडू पाहिलेला नाही. मॅलमडला हे माहीत असण्याची काहीच गरज नाही, पण रानातल्या पोराला भुलवणारी बाई आणि उसळणारा चेंडू इथे शेजारी शेजारी पाहून मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

ऋष्यशृंग राज्यात पाऊल ठेवतो आणि पाऊस पडतो. त्याला कुणाला काही विचारावं लागत नाही, त्याचं पावित्र्य पुरेसं आहे. या बाबतीत रॉय पर्सिव्हलपेक्षा ऋष्यशृंगाच्या जवळचा.

टिपणात एक सावधगिरी: वेस्टनबाईंचा सिद्धान्त पुढच्या संशोधकांनी मागे टाकला. कवी टी. एस. एलियटने १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेच्या टिपांत शीर्षक, आराखडा आणि बरीच प्रतीकं या पुस्तकावरून सुचली असं लिहिलं, आणि १९५६ मध्ये, आपण वाचकांना ग्रेलच्या मागे उगाच धावायला लावलं, अशी खंतही बोलून दाखवली. तरी मॅलमड ज्या वाचनाच्या हवेत लिहीत होता तिच्यात वेस्टन आणि एलियट दोघेही भिनलेले होते.

१९ डिसेंबर

खऱ्या घटनांचा परिच्छेद लिहिला, आटोपता. १४ जून १९४९ ला शिकागोच्या एजवॉटर बीच हॉटेलात एका एकोणीस वर्षांच्या मुलीने एडी वेटकस या खेळाडूला खोलीवर बोलावून गोळी घातली. तो वाचला, पुढच्या हंगामात खेळलासुद्धा. १९१९ च्या बेसबॉलच्या जागतिक मालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने सोडल्याचा आरोप झाला आणि आठ जणांना कायमचं बाद केलं गेलं. मॅलमडने दोन्ही घटना घेतल्या. त्याला दंतकथा कल्पनेतून उभी करावी लागली नाही, ती वर्तमानपत्रात येऊन पडली होती.

डेव्हिड लॉजची ‘स्मॉल वर्ल्ड’ (१९८४) ही कादंबरी घ्यायची का, यावर दोन दिवस घातले. तिथे नायक पर्स मॅकगॅरिगल, आर्थर किंगफिशर नावाचा थकलेला महापंडित, आणि वेस्टनबाईंची एक म्हातारी शिष्यासुद्धा आहे. न्यूयॉर्कच्या परिषदेत पर्स उठून विचारतो, सगळ्यांनी तुमचं म्हणणं मान्य केलं तर पुढे काय? त्या एका प्रश्नाने म्हाताऱ्यात जीव येतो आणि ऐन हिवाळ्यात हवा उबदार होते. प्रश्नाचं महत्त्व लॉजने नेमकं ओळखलं, पण तिथला सूर विनोदाचा. माझ्या पाऊण तासात तो बसत नाही. दोन ओळी ठेवल्या.

राजा आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र आणणारा मॅलरीही दोन ओळींत. १४८५ ला मुद्रक कॅक्स्टनने छापलेल्या त्याच्या ग्रंथात ग्रेल मिळवणारा गॅलाहड आहे, जन्मतःच निर्दोष. चुकणाऱ्या पोराची गोष्ट मला हवी आहे.

२ जानेवारी

शेवटचा भाग लिहिला. आयरिसला चेंडू लागतो तेव्हा रॉय धावत जातो. ती सांगते की तिच्या पोटात त्याचं मूल आहे. आता प्रथमच त्याला स्वतःला सोडून कुणासाठी तरी जिंकायचंय. पैसे घेऊन हरायचा सौदा तो आधीच जज्जशी करून बसलाय. तरी तो बॅट उचलतो, आणि वंडरबॉय उभी चिरते.

पर्सिव्हल म्हणाला होता, सकाळी विचारू. सकाळ झाली तेव्हा वाडा रिकामा होता.

सामन्यानंतर अंधारात रॉय मैदानात जातो. बुटाच्या नाड्यांनी बॅटच्या दोन फळ्या एकत्र बांधतो, कोरड्या मातीत खड्डा करून तिला पुरतो. ती सांधली जावी, तिला मुळं फुटावीत, असं त्याच्या मनात येतं. हे मी मोठ्याने वाचून पाहिलं. आवाज नीट राहिला नाही, त्या दिवशी हा उतारा दुसऱ्या कुणालातरी वाचायला देईन.

११ जानेवारी

बैठक झाली. टिपणाच्या पहिल्या पानावर शीर्षकाखाली फक्त प्रश्न ठेवला होता, ‘मामा, तुला काय होतंय?’ आजोळाचा भाग सांगताना खोलीत हालचाल थांबली. बेसबॉलचे नियम समजावताना माझी दहा मिनिटं जास्त गेली, ऋष्यशृंग घाईत उरकावा लागला. उतारा मंडळातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी वाचला, फार छान.

चर्चेत बहुतेकांनी रॉयबद्दलच विचारलं. तो खलनायक का, त्याला क्षमा आहे का, शेवटी पैसे जज्जच्या अंगावर फेकून तो सुटला का. निघताना त्याच नर्सबाई चपला घालता घालता माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, त्या म्हाताऱ्याच्या हातांचं पुढे काय झालं हो?”

मला सांगता आलं नाही. शेवटच्या पानांत कादंबरी रॉयच्या मागे जाते. घरी आल्यावर वहीत ‘पॉप फिशर’ एवढं लिहिलं आणि कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.